भाज्यांचे वाळवण

भाज्यांचे वाळवण म्हणजे उन्हाळ्यात मुबलक मिळणाऱ्या भाज्या चिरून, आवश्यकतेनुसार त्यांना मीठ, ताक किंवा मसाला लावून, उन्हात अथवा सावलीत सुकवून पुढील काही महिन्यांसाठी साठवण्याची घरगुती पद्धत होय. महाराष्ट्रात हे काम पापड, कुरडया, शेवया, सांडगे इत्यादी उन्हाळी पदार्थांच्या बरोबरीने केले जाते. गवार, भेंडी, कारली, वांगी, मिरच्या, कोहळा, कैरी आणि काही पालेभाज्या हे या वाळवणातील प्रमुख जिन्नस आहेत. पावसाळ्यात ताजी भाजी दुर्मीळ व महाग होत असल्याने त्या काळाची तरतूद करणे हा या पद्धतीचा मूळ हेतू आहे. भाजी वाळवणे हा या कामाचा पूर्वार्ध असून, वाळलेली भाजी पावसाळ्याच्या दमट हवेत कोरडी राखणे हा त्याचा तितकाच महत्त्वाचा उत्तरार्ध आहे.

== नाव आणि व्याप्ती ==

'वाळवण' हा शब्द 'वाळवणे' या क्रियापदावरून आला आहे. वाळवण्याची क्रिया आणि वाळत घातलेला जिन्नस या दोन्ही अर्थांनी तो वापरला जातो. 'वाळवण घालणे', 'ऊन दाखवणे', 'दोन उन्हे देणे' हे या संदर्भातील रूढ शब्दप्रयोग आहेत. पावसाळ्यापूर्वी धान्य, डाळी, मसाले, सरपण आणि वाळवण यांची जी तरतूद केली जाते, तिला 'बेगमी' म्हणतात. कोकणात 'आगोटीची बेगमी' असा शब्दप्रयोगही आढळतो.

वाळवणाखेरीज खारवणे, म्हणजे मिठात किंवा मिठाच्या पाण्यात मुरवणे, आणि लोणचे घालणे या भाज्या व कच्ची फळे टिकवण्याच्या अन्य घरगुती पद्धती आहेत. अनेक पदार्थांत या पद्धतींचा मिलाफ होतो. उदाहरणार्थ, सांडगी मिरचीत मीठ आणि ऊन या दोहोंचा उपयोग केलेला असतो. लाल भोपळा आणि पिकलेला कोहळा ही जाड सालीची फळे मात्र अखंड स्थितीत, कोरड्या व हवेशीर जागी ठेवल्यास काही महिने टिकतात. त्यामुळे ती न चिरता माळ्यावर ठेवण्याची किंवा शिंकाळ्यात टांगण्याची पद्धत आहे.

== हंगाम आणि भूगोल ==

महाराष्ट्रात उन्हाळी भाजीपाल्याची लागवड साधारणतः जानेवारी ते मार्च या काळात होते आणि तोडणी मार्च ते मे या महिन्यांत होते. परसबागेत किंवा विहिरीच्या पाण्यावर घेतलेली गवार, भेंडी, काकडी, दोडका, कारले, वांगी आणि मिरची याच सुमारास भरपूर निघतात. याच महिन्यांत ऊन सर्वाधिक कडक असते. पिकाची मुबलकता आणि कोरडी हवा यांचा हा योग साधून होळीनंतर वाळवणाला सुरुवात होते, तर जूनच्या ७ किंवा ८ तारखेच्या सुमारास सुरू होणाऱ्या मृग नक्षत्रापूर्वी ते आटोपले जाते. नैर्ऋत्य मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे ११ जूनच्या सुमारास मुंबईत पोहोचतो. त्याआधी होणाऱ्या वळवाच्या सरींमुळे मे महिन्याच्या उत्तरार्धात उघड्यावरील वाळवण भिजण्याचा धोका असतो. म्हणून अधिक दिवस लागणारे जिन्नस एप्रिलमध्येच उरकण्याकडे कल असतो.

राज्याच्या निरनिराळ्या भागांतील हवामानाचा वाळवणाच्या स्वरूपावर परिणाम झालेला दिसतो. विदर्भ, मराठवाडा, खानदेश आणि पश्चिम महाराष्ट्राचा पठारी भाग येथे उन्हाळ्यात दुपारची हवा अत्यंत कोरडी असते. विदर्भात मे महिन्यात कमाल तापमान ४२ ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत जाते आणि दुपारची सापेक्ष आर्द्रता बहुधा ३० टक्क्यांहून कमी असते. अशा हवेत पातळ चिरलेली भाजी दोन-तीन दिवसांत कडकडीत वाळते. मातीच्या सपाट छपराची घरे, म्हणजे माळवदे किंवा धाबी, ही या भागात वाळवणाची सोयीची जागा ठरली.

कोकण आणि गोवा येथे समुद्रसान्निध्यामुळे उन्हाळ्यातही आर्द्रता बरीच जास्त राहते. दिवसा उन्हाच्या तापाने वाळलेला जिन्नस रात्री हवेतील ओलावा पुन्हा शोषून घेतो. येथेही वाळवण केले जाते. तथापि कोकम, कैरी यांसारखी आंबट फळे आणि मिठात मुरवलेले पदार्थ यांना येथील साठवणीत विशेष स्थान मिळाले आहे. आम्लता व मीठ यांमुळे हे जिन्नस पूर्णतः कोरडे नसले तरी टिकतात.

== टिकण्यामागील शास्त्र ==

ताज्या भाज्यांमध्ये वजनाच्या साधारण ८० ते ९५ टक्के पाणी असते. भाजी कुजते ती तिच्यावर वाढणाऱ्या जिवाणू, यीस्ट व बुरशी यांच्यामुळे आणि तिच्यातच असलेल्या विकरांच्या क्रियेमुळे. सूक्ष्मजीवांना वाढीसाठी पाणी लागते. एखाद्या पदार्थातील पाणी त्यांना कितपत उपलब्ध आहे, हे 'जलक्रियता' या मापाने दर्शवतात. शुद्ध पाण्याची जलक्रियता १ मानली जाते. बहुतेक जिवाणू ०.९१ पेक्षा कमी जलक्रियतेस वाढू शकत नाहीत, बहुतेक बुरशींची वाढ ०.८० च्या खाली थांबते आणि ०.६० च्या खाली कोणताही सूक्ष्मजीव वाढत नाही. वाळवल्याने पाणी निघून जाते. मीठ किंवा साखर घातल्यास पाणी पदार्थातच राहते, पण ते सूक्ष्मजीवांच्या उपयोगी पडत नाही. या दोन्ही उपायांनी जलक्रियता घटते.

उघड्यावर ठेवलेला पदार्थ कालांतराने भोवतालच्या हवेशी समतोल साधतो. सभोवतालची सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के असेल, तर त्या हवेत उघड्या राहिलेल्या वाळवणाची जलक्रियता हळूहळू ०.८५ कडे सरकते आणि त्यावर बुरशी धरू शकते. जुलै-ऑगस्टमध्ये महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांत अशीच स्थिती असते. उन्हाळ्यात कितीही कडक वाळवलेली भाजी पावसाळ्यात सैल झाकणाच्या डब्यात खराब होते, त्याचे हेच कारण आहे. संध्याकाळी वाळवण आत घेणे, डब्याचे झाकण घट्ट असणे आणि ओल्या हाताने जिन्नस न काढणे या पारंपरिक नियमांना याच तत्त्वाचा आधार आहे.

विकरांची क्रिया वाळवल्याने मंदावते, परंतु पूर्णपणे थांबत नाही. परिणामी साठवणीच्या काळात भाजीचा रंग, वास व चव बदलत जाते. वाळवण्यापूर्वी भाजी उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे बुडवून काढल्यास ही विकरे निष्क्रिय होतात. गवारीसारख्या शेंगा वाळवण्यापूर्वी वाफवून घेण्याच्या घरगुती रीतीमागे हाच लाभ आहे.

== पूर्वतयारी आणि पद्धत ==

वाळवणासाठी कोवळी, ताजी आणि कीड नसलेली भाजी निवडतात. जून भेंडी किंवा निबर गवार वाळल्यावर चिवट होते. भाजी प्रथम अखंड धुऊन, पुसून पूर्ण कोरडी करतात व त्यानंतरच चिरतात. भेंडीच्या बाबतीत हा क्रम विशेष महत्त्वाचा आहे, कारण चिरल्यानंतर पाणी लागल्यास ती बुळबुळीत होते.

फोडी सारख्या जाडीच्या असणे आवश्यक असते. काही फोडी जाड राहिल्यास त्या आतून ओलसर राहतात व डब्यात त्यांचा ओलावा अन्य फोडींत पसरतो. फार जाड फोडी अतिशय उष्ण जागी ठेवल्यास वरची बाजू लवकर कडक होते आणि आतील पाणी बाहेर पडण्यास अडथळा येतो. म्हणून काप पातळ करून एका थरात, एकमेकांना न चिकटता पसरतात. पसरण्यासाठी धुतलेले सुती कापड, सूप, चटई, बाज किंवा स्टीलचे ताट वापरतात. धूळ, माश्या व पक्षी यांपासून संरक्षणासाठी वरून मलमलीचे पातळ कापड किंवा जाळी घालतात. फोडी दिवसातून एक-दोनदा उलटतात आणि सूर्यास्तापूर्वी वाळवण घरात घेतात.

पालेभाज्या, कढीपत्ता आणि पुदिना कडक उन्हात घातल्यास पिवळट पडतात, कारण प्रखर प्रकाशात त्यांतील हरितद्रव्य व कॅरोटीन यांचा ऱ्हास होतो. त्यामुळे त्या हवेशीर सावलीत वाळवणे श्रेयस्कर समजले जाते.

भाजी पुरेशी वाळल्याची ओळख हाताच्या स्पर्शाने व आवाजाने पटते. गवार, भेंडी व कारल्याचे काप वाकवल्यास कट्‌कन मोडले पाहिजेत आणि ताटात हलवल्यास खळखळ वाजले पाहिजेत. पालेभाजी चुरगळल्यास तिचा भुगा व्हावा लागतो. वजनावरूनही अंदाज बांधता येतो. ९० टक्के पाणी असलेल्या १ किलो भाजीत सुमारे १०० ग्रॅम घन भाग असतो. ती ८ टक्के ओलावा राहीपर्यंत वाळवल्यास तिचे वजन सुमारे ११० ग्रॅम भरते. त्याहून बरेच अधिक वजन भरल्यास भाजीला आणखी ऊन देणे आवश्यक असते. मीठ किंवा मसाला लावलेल्या भाजीत त्याचे वजन वेगळे धरावे लागते.

वाळवण उन्हातून आणल्यावर लगेच डब्यात भरत नाहीत. गरम जिन्नस बंद केल्यास डब्याच्या आतल्या बाजूस बाष्प साचून ओल येते. पूर्ण निवल्यानंतरच ते काचेच्या किंवा चिनीमातीच्या बरणीत अथवा घट्ट झाकणाच्या डब्यात भरतात. पहिला आठवडाभर डबा पाहत राहणे उपयुक्त ठरते. आत दमटपणा किंवा काचेवर थेंब दिसल्यास जिन्नस ताबडतोब काढून पुन्हा उन्हात घालतात.

== प्रमुख प्रकार ==

=== गवार, भेंडी आणि कारली ===

गवारीच्या कोवळ्या शेंगा शिरा काढून मीठ घातलेल्या पाण्यात किंचित वाफवतात व निथळून वाळवतात. दुसऱ्या पद्धतीत त्या मीठ घातलेल्या आंबट ताकात काही तास भिजवून नंतर वाळवल्या जातात. ताकातील आम्लामुळे चव येते आणि वाळताना जिवाणूंच्या वाढीस आळा बसतो. भेंडीचे गोल काप आणि कारल्याच्या बिया काढलेल्या चकत्या यांनाही मीठ किंवा ताक लावून वाळवतात. कारल्याला मीठ लावून काही वेळ ठेवल्यावर सुटलेले पाणी पिळून काढल्यास कडवटपणा कमी होतो आणि वाळण्याचा वेळही वाचतो.

=== सांडगी मिरची ===

जाड सालीच्या, कमी तिखट, फिकट हिरव्या मिरच्या यासाठी घेतात. देठ ठेवून मिरचीला उभी चीर देतात व तीत धने, मेथी, जिरे, हिंग, हळद आणि मीठ यांचा भरड मसाला भरतात. १ किलो मिरचीस साधारणतः १०० ग्रॅम धने, ५० ग्रॅम मेथी, २५ ग्रॅम जिरे आणि सुमारे १०० ग्रॅम मीठ हे प्रमाण पुरते. घरोघरी त्यात फरक आढळतो. काही ठिकाणी मिरच्या रात्री ताकात भिजवतात, दिवसा उन्हात घालतात आणि ताक संपेपर्यंत हा क्रम चालू ठेवतात. वाळल्यावर मिरची पांढरट पिवळी दिसते. तळल्यानंतर ती गडद तपकिरी व कुरकुरीत होते.

=== कोहळ्याचे सांडगे ===

पिकलेल्या कोहळ्याची साल व बिया काढून गर किसतात, त्याला मीठ लावून पाणी पिळून काढतात. उडदाची किंवा हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवून घट्ट वाटतात. वाटताना साधे पाणी घालण्याऐवजी पिळून काढलेले कोहळ्याचेच पाणी वापरण्याची पद्धत आहे. १ किलो किसाला सुमारे २५० ग्रॅम डाळ घेतल्यास मिश्रण नीट बांधले जाते. त्यात मिरची, जिरे, हिंग व आवश्यक असल्यास मीठ मिसळून बोरा-सुपारीएवढे सांडगे कापडावर घालतात. पहिल्या दिवशी चांगले ऊन मिळणे अत्यावश्यक असते. ढगाळ हवेत ओले पीठ आंबते व सांडग्यांना आंबूस वास येतो. वरची बाजू सुकल्यावर ते सोडवून उलटतात आणि आतपर्यंत कडक होईस्तोवर तीन-चार उन्हे देतात. काकडी, दुधी व लाल भोपळा यांचेही सांडगे करतात.

=== वांगी आणि टोमॅटो ===

वांग्याच्या उभ्या किंवा गोल फोडी करून त्या कडक उन्हात वाळवतात. वाळवलेल्या अशा फोडींना विदर्भात 'खुला' म्हणतात. चिरलेले वांगे हवेतील प्राणवायू व विकरे यांच्यामुळे लवकर काळे पडते. फोडी मिठाच्या पाण्यात टाकल्यास हा बदल मंदावतो. टोमॅटोचे भाव उन्हाळ्यात कोसळले की त्याच्या चकत्यांना मीठ लावून वाळवण्याची सोय उपयोगी पडते. टोमॅटोत पाण्याचे प्रमाण सुमारे ९४ टक्के असल्याने त्यांना अधिक दिवस लागतात.

=== पालेभाज्या ===

मेथी, हरभऱ्याचा कोवळा पाला आणि चाकवत यांसारख्या रब्बी हंगामातील पालेभाज्या हिवाळ्याच्या अखेरीस वाळवून ठेवतात. हरभऱ्याच्या पानांवर निसर्गतः आंबट आम्लांचा स्राव असतो, त्यामुळे वाळवलेल्या भाजीलाही आंबूस चव असते. ही भाजी काटेकोरपणे न धुता झटकून वाळवण्याची जुनी पद्धत त्याच चवीसाठी आहे. कीटकनाशकांची फवारणी केलेल्या शेतातील पाला मात्र धुऊनच वापरणे आवश्यक ठरते.

=== कैरी आणि कोकम ===

कच्च्या कैरीच्या सोललेल्या फोडी मीठ लावून किंवा तशाच वाळवल्या की त्यांना 'आंबोशी' म्हणतात. आमटी-भाजीला आंबटपणा आणण्यासाठी तिचा उपयोग होतो. कोकणात आंबोशीचे लोणचेही घालतात. कोकमाची फळे कोकणात व गोव्यात उन्हाळ्याच्या अखेरीस पिकतात. त्यांची साल मिठासह फळाच्याच रसात भिजवून वाळवण्याची क्रिया अनेकदा केली जाते व त्यातून आमसुले तयार होतात. मीठ घातलेल्या कोकमाच्या रसास 'आगळ' म्हणतात.

== खारवणे आणि लोणचे ==

वाळवणास पूरक अशी दुसरी पद्धत खारवण्याची आहे. गोव्यात लहान, कोवळ्या कैऱ्या मिठात घालून वर वजन ठेवून मुरवतात. त्यांना कोंकणीत 'तोरां' म्हणतात. कोकणात कच्च्या फणसाचे गरे मिठाच्या तीव्र पाण्यात ठेवून पावसाळ्यात भाजीसाठी वापरतात. वापरण्यापूर्वी ते साध्या पाण्यात भिजवून खारटपणा काढून टाकतात. फोडी द्रवाच्या पातळीखाली पूर्ण बुडालेल्या असाव्या लागतात. वर तरंगणाऱ्या भागाला हवा मिळून बुरशी येते. दगडाचे किंवा काचेचे वजन ठेवण्याचा उद्देश हाच असतो.

कैरीच्या लोणच्यात मीठ, फळातील आम्ल, मोहरी आणि तेल यांची एकत्रित क्रिया होते. मोहरी ओलाव्याच्या संपर्कात फेसली गेल्यावर तिच्यातील तिखट बाष्पशील द्रव्य मोकळे होते व ते सूक्ष्मजीवांना रोधक असते. तेलाच्या थरामुळे हवेचा संपर्क तुटून बुरशीस प्रतिबंध होतो. बरणीच्या तोंडाला स्वच्छ कापडाचा दादरा बांधण्याची प्रथा धूळ व कीटक रोखण्यासाठी आहे.

== स्वयंपाकातील उपयोग ==

वाळवलेल्या भाज्यांचा वापर मुख्यतः दोन प्रकारे होतो. पहिला प्रकार तळणाचा आहे. सांडगी मिरची, ताकातली गवार, भेंडी व कारल्याच्या चकत्या मध्यम तापलेल्या तेलात तळून वरण-भात, दहीभात किंवा खिचडीबरोबर तोंडी लावणे म्हणून वाढतात. वाळवलेल्या जिन्नसात पाणी अत्यल्प असल्याने तो काही सेकंदांतच तळला जातो. तेल फार तापलेले असल्यास तो करपून कडू लागतो.

दुसरा प्रकार भिजवून शिजवण्याचा आहे. वाळवलेली वांगी, साधी गवार किंवा पालेभाजी कोमट पाण्यात २० ते ३० मिनिटे भिजवून डाळीबरोबर, आमटीत अथवा दाण्याचे कूट, तीळ वा सुके खोबरे घालून शिजवतात. भाजी ताकात किंवा मिठात वाळवलेली असल्यास पदार्थात वेगळे मीठ कमी घालावे लागते. सांडगे तेलावर परतून घेतल्यावर त्यांची रस्साभाजी केली जाते. परतल्याशिवाय रश्श्यात टाकल्यास ते विरघळण्याचा संभव असतो.

आषाढ शुद्ध एकादशीपासून सुरू होणाऱ्या चातुर्मासात अनेक कुटुंबांत कांदा, लसूण व वांगी वर्ज्य असतात. आषाढ शुद्ध नवमीस 'कांदेनवमी' म्हणून कांदा व वांग्याचे पदार्थ करून खाण्याची प्रथा याच्याशी निगडित आहे. या काळात ताज्या भाज्यांचे पर्याय कमी होत असल्याने सांडगे, आंबोशी व वाळवलेली गवार यांना स्वयंपाकात महत्त्व येते.

== पोषणमूल्य ==

पाणी गेल्यामुळे वाळवलेल्या भाजीत तंतुमय पदार्थ, खनिजे व प्रथिने यांचे वजनाशी असलेले प्रमाण वाढते. मूळ भाजीच्या तुलनेत पोषकांचे एकूण प्रमाण मात्र वाढत नाही. क जीवनसत्त्व उष्णता, प्रकाश व प्राणवायू यांमुळे मोठ्या प्रमाणावर नष्ट होते, तर कॅरोटीनचाही उन्हात ऱ्हास होतो. वाळवलेली भाजी अशा रीतीने ताज्या भाजीची पूर्ण जागा घेऊ शकत नाही. ताजी भाजी न मिळण्याच्या काळातील ती पूरक तरतूद असते. मीठ लावलेल्या व तळलेल्या वाळवणात सोडियम आणि स्निग्धांशाचे प्रमाण जास्त असल्याने उच्च रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचे विकार असलेल्यांनी त्याचे सेवन मर्यादित ठेवणे इष्ट असते.

== सुरक्षितता ==

वाळवणातील सर्वांत मोठा धोका बुरशीचा आहे. मिरची, डाळींचे सांडगे व अन्य सुके जिन्नस नीट न वाळल्यास त्यांवर अ‍ॅस्परजिलस वर्गातील बुरशी वाढू शकते. तिच्या काही जाती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात. हे विष यकृतास घातक व कर्ककारक असून नेहमीच्या शिजवण्या-तळण्याने ते पूर्णतः नष्ट होत नाही. बुरशी झटकून किंवा पुन्हा ऊन दाखवून असा जिन्नस खाण्यायोग्य होत नाही. त्यामुळे बुरशी धरलेले, कुबट वासाचे किंवा आतून काळसर झालेले वाळवण टाकून देणे हाच सुरक्षित मार्ग आहे. डबा नुसता दमट झालेला असून बुरशी नसेल, तरच पुन्हा वाळवण्याचा उपाय योग्य ठरतो.

दुसरा धोका तेलात किंवा पाण्यात बंद करून ठेवलेल्या, आंबट नसलेल्या भाज्यांचा आहे. क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम हा जिवाणू हवा नसलेल्या जागी वाढून अतिशय तीव्र विष निर्माण करतो. सामू ४.६ किंवा त्याहून कमी असलेल्या आंबट पदार्थांत तो वाढत नाही. कैरी व लिंबू या मर्यादेच्या बऱ्याच खाली असतात. लसूण, गवार, भेंडी, वांगी यांसारख्या भाज्या मात्र आंबट नसतात. त्या आम्ल वा पुरेसे मीठ न घालता नुसत्या तेलात बुडवून खोलीच्या तापमानाला ठेवणे धोक्याचे असते. या जिवाणूची बीजुके १०० अंश सेल्सिअसला उकळूनही टिकून राहतात. ती नष्ट करण्यासाठी दाबाखाली सुमारे १२१ अंश तापमान ठरावीक वेळ द्यावे लागते. घरी बाटलीत भरून उकळलेल्या बिनआंबट भाज्या याच कारणाने टिकाऊ मानता येत नाहीत. पूर्णपणे कोरड्या वाळवणात जलक्रियता फार कमी असल्याने हा धोका उद्भवत नाही. तथापि भिजवलेली भाजी लगेच शिजवणे आवश्यक असते.

== सामाजिक पैलू ==

वाळवण हे परंपरेने घरातील स्त्रियांचे सामूहिक काम राहिले आहे. शेजारच्या स्त्रिया पाळीपाळीने एकमेकींच्या घरी जमून पापड लाटणे, सांडगे घालणे व भाज्या चिरणे ही कामे करीत. लहान मुलांकडे गच्चीवर वा अंगणात बसून कावळे-चिमण्यांपासून राखण करण्याचे काम असे. किती जाडीचे काप, कोणत्या दिवसाचे ऊन, मिठाचे किती प्रमाण यांचे ज्ञान प्रायः कृतीतून पुढील पिढीकडे जात असे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र' आणि कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' अशा पुस्तकांनी घरगुती पाककृती लिखित स्वरूपात आणण्यास हातभार लावला.

या कौशल्याचे अर्थार्जनात रूपांतर होण्याचे ठळक उदाहरण पापडाच्या व्यवसायात आढळते. मुंबईतील गिरगाव येथे १९५९ मध्ये सात स्त्रियांनी ८० रुपयांच्या उसन्या भांडवलावर सुरू केलेल्या कामातून 'श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड' ही सहकारी तत्त्वावरील संस्था उभी राहिली. महाराष्ट्रातील अनेक महिला बचत गट आज पापड-कुरडयांबरोबर सांडगी मिरची, सांडगे, आंबोशी व वाळवलेल्या भाज्या तयार करून विकतात. राज्य शासनाच्या पुढाकाराने भरणाऱ्या 'महालक्ष्मी सरस' सारख्या प्रदर्शनांतून त्यांना बाजारपेठ मिळते. विक्रीसाठी तयार केलेल्या वाळवणास अन्न सुरक्षा आणि मानके अधिनियम, २००६ मधील नोंदणी व वेष्टनविषयक तरतुदी लागू होतात.

== आधुनिक बदल ==

शहरांतील सदनिकांमध्ये अंगण व गच्ची यांची उपलब्धता घटल्याने, तसेच बाराही महिने भाज्या मिळू लागल्याने घरगुती वाळवणाचे प्रमाण कमी झाले आहे. शीतकपाटातील अतिशीत कप्प्यात, उणे १८ अंशांच्या आसपास, वाफवलेल्या भाज्या ठेवण्याची सोय हा अनेक घरांत त्याचा पर्याय ठरला आहे. यात जीवनसत्त्वे अधिक टिकतात, मात्र अखंड वीजपुरवठा आवश्यक असतो.

सौर वाळवणी यंत्रांत काचेच्या किंवा पारदर्शक प्लॅस्टिकच्या आवरणाखाली तापलेली हवा जाळीच्या थाळ्यांतून फिरवली जाते. साधारण ५० ते ६५ अंश तापमानात भाजी उघड्या उन्हापेक्षा लवकर वाळते, शिवाय धूळ, माश्या व अवकाळी पाऊस यांपासून सुरक्षित राहते. आवरणामुळे हवा तापते तेव्हा तिची सापेक्ष आर्द्रता घटते. हे तत्त्व कोकणासारख्या दमट प्रदेशात विशेष उपयुक्त आहे. भाव कोसळल्यावर शेतात टाकून दिल्या जाणाऱ्या टोमॅटो, कांदा व पालेभाज्या यांचे मूल्य राखण्याचे साधन म्हणून शेतकरी उत्पादक कंपन्या व बचत गट अशा यंत्रांचा वापर करतात. केंद्र शासनाने २०२० मध्ये सुरू केलेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग उन्नयन योजनेतून या प्रकारच्या लहान प्रक्रिया उद्योगांना भांडवली खर्चासाठी कर्जाशी निगडित अनुदान दिले जाते.

== हेही पहा ==

* पापड
* कुरडई
* लोणचे
* कोकम
* परसबाग
* चातुर्मास